स्वच्छ कापलेला माणूस खोटा का दिसतो?

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या मुलामुलींनी मिळून शिवकाळावर एक लघुपट केला. मावळ्याचं चित्रण हिरव्या कापडापुढे केलं आणि मागे राजगडाच्या बुरुजाचं छायाचित्र लावलं. हिरवा रंग पूर्ण निघाला, कड अगदी स्वच्छ आली. तरी बघणारा प्रत्येक जण म्हणतो, माणूस चिकटवलेला वाटतो. सॉफ्टवेअर साधं आहे म्हणून असं होतं का? सोबत एक फ्रेम पाठवत आहे.
— एक विद्यार्थिनी, भोर

उत्तर : सॉफ्टवेअर बदलू नका. तुमची फ्रेम मी मोठी करून पाहिली. उत्तराचा पहिला धागा तुमच्याच पत्रात आहे : कड अगदी स्वच्छ आली. कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या चित्रात कड कधीच इतकी स्वच्छ नसते. भिंगातून येणारा प्रकाश थोडा पसरतो, माणूस थोडा हलतो, फोकस थोडा पुढेमागे असतो. त्यामुळे माणूस जिथे संपतो आणि आकाश जिथे सुरू होतं, तिथे दोन-तीन पिक्सेलांची एक पट्टी असते आणि त्या पट्टीत दोघंही थोडे थोडे असतात. माणूस पांढरा आणि पडदा काळा दाखवणारं चित्र म्हणजे मॅट. तुम्ही तिच्यातल्या करड्या छटा ताणून पार पांढऱ्या किंवा पार काळ्या केल्यात. म्हणजे ती पट्टीच काढून टाकलीत.

मावळ्याची फिरती तलवार पाहा. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात शटर साधारण १/५० सेकंद उघडं असतं. तेवढ्यात तलवारीचं टोक बरंच अंतर कापतं आणि फ्रेममध्ये तिचा पुसट, अर्धपारदर्शक पट्टा उमटतो. त्या पट्ट्यातून मागचा बुरूज दिसायला हवा. तुमच्या फ्रेममध्ये तो पट्टा भरीव झाला आहे, त्याला धारदार काठ आला आहे. खरा कॅमेरा असं पातं देत नाही. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण आयुष्यभर चित्रपट पाहिलेल्या डोळ्याला ते लगेच खटकतं. मॅट पुन्हा काढा. माणसाचा आतला भाग भरीव आणि पडद्याचा भाग रिकामा हवा, हे खरंच. पण त्या दोघांमधल्या करड्या छटांना हात लावू नका. थर एकत्र जुळवणारे अनुभवी कंपोझिटर त्यासाठी दोन मॅट काढतात. एक आतल्या भागासाठी, कडक. दुसरी फक्त कडेसाठी, मऊ. मग दोन्ही एकत्र करतात.

कड सुधारल्यावरही माणूस थोडा चिकटवलेला वाटेल, कारण खरी गडबड काळ्या रंगात आहे. सह्याद्रीत कुठल्याही माथ्यावर उभं राहून मागे-मागे जाणाऱ्या डोंगररांगा पाहा. जवळची रांग गर्द असते, पुढची फिकट, त्यापुढची जवळजवळ आकाशाच्याच रंगाची. मधल्या हवेतले कण प्रकाश विखुरतात आणि तो विखुरलेला प्रकाश दूरच्या सावल्यांत मिसळतो. म्हणून अंतर वाढलं की काळा रंग काळा राहत नाही. तो उजळतो आणि निळसर होतो. तुमच्या छायाचित्रात बुरुजाची सावलीतली फट कॅमेऱ्यापासून दूर आहे आणि तिथला सर्वांत गडद भागही करडा-निळा आहे. त्याच बुरुजावर उभा केलेला मावळा मात्र चित्रण करताना कॅमेऱ्यापासून चार-पाच पावलांवर होता, त्यामुळे त्याच्या दाढीतला आणि तलवारीच्या म्यानावरचा काळा रंग पार शून्याला टेकला आहे. इतक्या अंतरावर तेवढा काळा रंग असूच शकत नाही. म्हणून मेंदू ठरवतो की हा माणूस तिथला नाही.

उपाय सोपा आहे, पण डोळ्यांच्या अंदाजावर सोडण्यासारखा नाही. बुरुजाच्या सावलीवर कर्सर ठेवून लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलचे आकडे वाचा. मग मावळ्याच्या सर्वांत गडद भागाचे आकडे तिन्ही चॅनेलमध्ये वेगवेगळे तिथपर्यंत उचला. त्यानंतर सर्वांत उजळ भाग जुळवा. मधल्या छटा शेवटी. नवशिके नेमकं उलटं करतात. आधी रंगाची एकूण झाक बदलतात आणि मग काहीच बसत नाही. काळा आणि पांढरा बसला की मधलं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

जुळलं की नाही हे तपासायला व्यवसायातली माणसं व्ह्यूअरचा गामा एकदा खूप वाढवतात, एकदा खूप उतरवतात. चित्र बदलत नाही, फक्त पाहण्याची पट्टी सरकते. नेहमीच्या प्रकाशात लपलेला फरक तेव्हा उघडा पडतो. तीनही चॅनेल एकेक करून काळ्या-पांढऱ्यात पाहणं ही दुसरी सवय. रंगाच्या भुलीत न दिसणारी तफावत तिथे दिसते आणि बहुधा ती निळ्या चॅनेलमध्ये सापडते.

आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या संगणकावर दुरुस्त होणाऱ्या नाहीत. पहिली गोष्ट क्षितिजाची. सपाट जमिनीवर कॅमेरा छातीच्या उंचीवर धरला, तर त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या प्रत्येक माणसाच्या छातीतून क्षितिजरेषा जाते, तो जवळ असो वा दूर. तुमचं छायाचित्र उभ्याने डोळ्यांच्या उंचीवरून काढलेलं आहे आणि मावळ्याचं चित्रण करताना कॅमेरा गुडघ्याशी होता. त्यामुळे तो बुरुजावर उभा न राहता अधांतरी तरंगतो. दुसरी गोष्ट उन्हाची. छायाचित्रात ऊन डावीकडून तिरपं येतं आहे, मावळ्यावर समोरून दोन दिवे आहेत. चेहऱ्याची कुठली बाजू उजळावी हे नंतर फार थोडं बदलता येतं. म्हणून मागचं दृश्य आधी टिपा. भिंग कोणतं, कॅमेरा किती उंच, ऊन कुठून हे वहीत लिहा आणि त्या नोंदी हातात घेऊन माणसाचं चित्रण करा.

छायाचित्राऐवजी तिवईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने मागचं दृश्यही व्हिडिओतच टिपलंत तर आणखी एक अडचण जाईल. स्थिर छायाचित्रात गवत हलत नाही आणि सेन्सरचा बारीक ग्रेनही थिजलेला असतो. पुढे ग्रेन सळसळतो आणि मागे तो निश्चल, हे पडद्यावर लगेच उमगतं.

प्रश्न : कंपोझिटिंग शिकताना प्रत्येक धड्यात 'प्रीमल्टिप्लाय' आणि 'अनप्रीमल्टिप्लाय' ही दोन बटणं येतात. मी दोन्ही आलटून पालटून लावतो आणि कडेची काळी रेघ गेली की पुढे जातो. यामागचा हिशोब कुणी नीट सांगत नाही.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : हा हिशोब समजला की कंपोझिटिंगचा निम्मा अभ्यास झाला असं माझं मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संगणकावरच्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ यांनी त्यात चौथा आकडा जोडला : अल्फा. या वस्तूने पिक्सेलचा किती भाग झाकला आहे, ते तो सांगतो. पूर्ण झाकला तर १, मुळीच नाही तर ०. पुढे लुकासफिल्ममध्ये काम करणाऱ्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली एका शोधनिबंधात या चार आकड्यांचं सगळं बीजगणित मांडलं. दोन थर एकमेकांवर ठेवण्याच्या १२ रीती त्यांनी सांगितल्या. या कामासाठी चौघांना १९९६ साली ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आजचं प्रत्येक कंपोझिटिंग सॉफ्टवेअर त्याच बीजगणितावर चालतं.

त्यांतली रोजच्या वापरातली रीत म्हणजे 'ओव्हर' :

उत्तर = पुढचा रंग + (१ − पुढचा अल्फा) × मागचा रंग

या सूत्रात पुढच्या रंगाला अल्फाने गुणलेलं नाही, कारण तो आधीच गुणून साठवलेला आहे असं धरलं आहे. यालाच प्रीमल्टिप्लाय म्हणतात. आता तुमची काळी रेघ कुठून येते ते पाहू. पांढऱ्या धोतराची उजळता ०.८ धरा आणि मागच्या उन्हाळी आकाशाचीही ०.८. कडेच्या एका पिक्सेलचा बरोबर अर्धा भाग धोतराने झाकला आहे, म्हणजे अल्फा ०.५. गुणून साठवलेला रंग ०.४. ओव्हर केल्यावर ०.४ अधिक ०.५ गुणिले ०.८, म्हणजे ०.८. दोन्हीकडे ०.८, मध्येही ०.८. कड नाहीशी झाली. हेच हवं होतं. पण आधी गुणलेल्या रंगाला तुम्ही पुन्हा एकदा गुणलंत, तर ०.४चे ०.२ होतात आणि बेरीज येते ०.६. सारख्याच उजळ दोन गोष्टींच्या मध्ये एक गडद रेघ उमटते. उलट, न गुणलेला रंग तसाच ओव्हरला दिला, तर ०.८ अधिक ०.४, म्हणजे १.२ येतात आणि कडेला प्रकाशाची झालर दिसते. पाहुण्याला चहा देताना साखर आत घातली आहे की वेगळी ठेवली आहे, हे माहीत असावं लागतं. फाइल हातात आली की तेवढंच विचारायचं, रंग आधी गुणलेला आहे का? बटणं आलटून पालटून दाबण्याची गरज मग उरत नाही.

रंग बदलताना अनप्रीमल्टिप्लाय का लागतं, तेही याच आकड्यांत दिसतं. माणूस थोडा उजळ करायचा म्हणून तुम्ही सगळीकडे ०.१ मिळवलेत. जिथे माणूस नाही, अल्फा शून्य आहे, तिथेही रंग ०.१ झाला. ओव्हर केल्यावर माणसाभोवती एक धुरकट चौकोन दिसू लागतो. म्हणून आधी अल्फाने भागायचं, रंग बदलायचा, पुन्हा अल्फाने गुणायचं. नुसता गुणाकार करणारी दुरुस्ती असेल, उदाहरणार्थ एक्स्पोजर दुप्पट करणं, तर भागण्याची गरज नाही. गुणाकार कुठल्याही क्रमाने केला तरी उत्तर तेच येतं. मिळवणं आणि गामा बदलणं यांना मात्र ही सवलत नाही.

मग रंग गुणून साठवण्याचा खटाटोप कशासाठी? मला यात दोन गोष्टी फार सुंदर वाटतात. पहिली अशी की गुणलेल्या रंगांवर ओव्हर केलं, तर थरांचे गट कसेही पाडता येतात. धूर माणसावर ठेवून ती जोडी गडावर ठेवा, किंवा माणूस गडावर ठेवून त्यावर धूर ठेवा. उत्तर तेच येतं. मोठ्या चित्रपटाच्या एकाच दृश्यात शेकडो थर असतात आणि वेगवेगळी माणसं त्यांचे गट वेगवेगळे बांधतात. ते शेवटी नीट जुळतात ते या गुणधर्मामुळे. दुसरी गोष्ट मशालीची. ज्योत मागचं काही झाकत नाही, फक्त प्रकाश मिळवते. तिचा अल्फा शून्य आणि रंग मात्र भरपूर. न गुणलेल्या पद्धतीत असा पिक्सेल लिहिताच येत नाही, कारण शून्याने गुणल्यावर काहीच उरत नाही. गुणलेल्या पद्धतीत तो सहज लिहिता येतो आणि त्याच ओव्हर सूत्रात तो मागच्या दृश्यावर नुसता मिळवला जातो.

एक अट राहिली. हे सगळे आकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात हवेत. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रातले आकडे तसे नसतात. ० ते २५५च्या पट्टीवरचा १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे. नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत तो जेमतेम २२ टक्के प्रकाश असतो. निम्मा प्रकाश म्हणजे १८८. काळा आणि पांढरा निम्मे-निम्मे मिसळताना तुम्ही साठवलेल्या आकड्यांचीच सरासरी काढलीत, तर १२८ मिळतं आणि कड गरजेपेक्षा बरीच गडद होते. धोतराचा हिशोब अचूक करूनही रेघ राहिली, तर कारण हे असतं. म्हणून चित्र आधी लिनियर प्रकाशात आणायचं, सगळी जुळवाजुळव तिथे करायची आणि शेवटी पाहण्यासाठी परत फिरवायचं. फोकसबाहेरचा धूसरपणा आणि हालचालीचा पुसटपणाही तिथेच खरा दिसतो. रात्रीच्या दूरच्या दिव्याची झगझगीत तबकडी होते, ती केवळ करडी पडत नाही.

प्रश्न : दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांत हे असं संगणकाशिवाय कसं केलं जाई? आणि आता सगळीकडे पडदा हिरवाच का असतो?
— निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : फाळके यांच्याआधी फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी वाट काढली होती. १८९८च्या एका लघुपटात ते स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवतात आणि त्या जागी नवं डोकं येतं. त्यासाठी मागे काळं कापड लावायचं, जो भाग दिसू नये तोही काळ्यानेच झाकायचा, चित्रण करायचं, फिल्म कॅमेऱ्यात उलटी फिरवायची आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचं. काळ्या भागातून प्रकाश येत नाही, म्हणून तिथली फिल्म कोरी राहते आणि दुसऱ्या वेळचं चित्र तिथे उमटतं. आजचा अल्फा शून्य म्हणजे तेव्हाची ती कोरी फिल्म. फाळके यांना छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग या तिन्हींची जाण होती आणि पौराणिक कथेला ती जाण हवीच होती. 'श्रीकृष्णजन्म' या १९१८च्या मूकपटात कंसाला आपलं शिर धडावेगळं झालेलं दिसतं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. हे चमत्कार कॅमेऱ्यातच घडवायचे असत. एक वळण चुकलं की सगळी फिल्म वाया जाई. त्या काळात एकेका दृश्यामागे किती नियोजन असेल, याचा विचार केला की मला नेहमी आदर वाटतो.

काळ्या कापडाची मर्यादा अशी की माणसाच्या सावल्याही काळ्याच असतात आणि त्यांतूनही मागचं दिसू लागतं. त्यामुळे माणसाच्या अंगावर नसलेला रंग शोधणं सुरू झालं. त्वचेत लाल सर्वांत जास्त आणि निळा सर्वांत कमी असतो, म्हणून निळा पडदा आला. १९४०च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर यांनी तो रंगीत चित्रपटासाठी वापरला आणि त्या चित्रपटाला विशेष परिणामांचं ऑस्कर मिळालं. पण केस, धूर, काच यांच्या कडेला निळी झाक राहायची.

त्यावर तोड काढली पेट्रो व्लाहोस यांनी. त्यांनी निळा रंग नुसता कापून काढला नाही. निळा दुसऱ्या रंगापेक्षा किती जास्त आहे, तो फरक मोजला. आज हिरव्या पडद्याचं कीइंग, म्हणजे पडदा वेगळा काढणं, मुळात याच कल्पनेवर चालतं आणि ती आकड्यांत फार चटकन समजते. पडद्याचे लाल, हिरवा, निळा आकडे ०.२, ०.७, ०.२ धरा. हिरव्यातून उरलेल्या दोनांपैकी मोठा वजा केला की ०.५ उरतात, हा पूर्ण पडदा. त्वचा ०.६, ०.४, ०.३. इथे वजाबाकी शून्याखाली जाते, म्हणजे पडदा अजिबात नाही. आता केसांच्या बटेची कड घ्या : ०.३, ०.४५, ०.२. वजाबाकी ०.१५. पूर्ण पडद्याच्या ०.५शी तिचं प्रमाण ३० टक्के. म्हणजे या पिक्सेलमध्ये ३० टक्के पडदा आणि ७० टक्के केस. आता पडद्याच्या रंगाचे ३० टक्के, म्हणजे ०.०६, ०.२१, ०.०६, इथून काढून घ्या. उरतात ०.२४, ०.२४, ०.१४. हिरवा निघाला आणि केसांचा रंग अल्फाने गुणलेल्या स्वरूपातच हाती आला. पुण्याच्या विद्यार्थ्याला वर सांगितलेल्या ओव्हर सूत्रात तो जसाच्या तसा बसतो. कापणं असं यात काहीच नाही. आहे ती वजाबाकी.

व्लाहोस यांचा दुसरा मार्ग याहून वेगळा होता. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांनी पडदा उजळायचा. तो प्रकाश सुमारे ५८९ नॅनोमीटरच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यात असतो. कॅमेऱ्यात एक खास लोलक बसवून तो तेवढाच पट्टा दुसऱ्या फिल्मवर पाठवायचा. माणूस एका फिल्मवर आणि त्याची मॅट दुसरीवर, दोन्ही एकाच क्षणी. डिस्नेच्या १९६४च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये टोपीवरची तलम जाळीसुद्धा रंगवलेल्या पार्श्वभूमीवर सुटी दिसते, ती या युक्तीमुळे.

फिल्मच्या प्रयोगशाळेत थर एकत्र करताना मॅट केसभर सरकली की कडेला काळी रेघ येई. १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधली बर्फावरची लढाई म्हणूनच अवघड ठरली. अवकाशाच्या काळोखात जी रेघ लपते, ती पांढऱ्या बर्फावर लपत नाही. रेघ फिकी व्हावी म्हणून मॅट थोड्या पारदर्शक केल्या, तर विमानाच्या आतून बर्फ दिसू लागला. १९९७ साली ती दृश्यं संगणकावर नव्याने जुळवली गेली.

आता हिरवा का, ते पाहू. बहुतेक डिजिटल सेन्सरवर ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली जाळी असते आणि तिच्यात निम्मे बिंदू हिरव्याचे, लाल आणि निळ्याचे प्रत्येकी एक चतुर्थांश. म्हणजे हिरव्याची नोंद सर्वांत बारीक होते आणि निळ्यात ग्रेन जास्त येतो. हिरवा पडदा उजळायला प्रकाशही कमी लागतो. पात्राचे कपडे हिरवे असतील, भोवती झाडं असतील किंवा दृश्य रात्रीचं असेल, तर आजही निळाच लावतात. निळी झाक चांदण्यात चालून जाते, हिरवी चालत नाही.

पडद्याचा हिरवा प्रकाश गालावर आणि खांद्यावर पडतो, त्याला स्पिल म्हणतात. तो काढायचा सोपा नियम असा : हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्वचेवर तो छान चालतो. पिवळ्या फेट्यावर मात्र तो घात करतो. ०.८, ०.८, ०.१ या पिवळ्यातला हिरवा ०.४५वर येतो आणि फेटा केशरी होतो. अशा वेळी फेट्याची वेगळी मॅट काढून त्याला या नियमातून वगळावं लागतं.

प्रश्न : फोनवर चित्रण करून हे काम शिकता येईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : येईल. फक्त एक अडचण ध्यानात ठेवा. फोनचा व्हिडिओ साठवताना उजळता पूर्ण बारकाईने ठेवतात आणि रंगाची माहिती चार पिक्सेलांमागे एकच. कीइंग रंगावरच चालतं, म्हणून कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. शक्य तितक्या मोठ्या आकारात चित्रण करून नंतर लहान करा. पडद्यावर सगळीकडे सारखा प्रकाश ठेवा आणि माणसाला पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभं करा. शटर आणि एक्स्पोजर लॉक करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/५० शटर ठेवलं की दिव्यांची लुकलुकही टळते.

प्रश्न : माझ्या मुलाला बारावीनंतर व्हीएफएक्समध्ये जायचं आहे. फीचे आकडे ऐकून धास्ती वाटते. शिवाय आता हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्ता करणार म्हणतात. नेमकं काय शिकायला सांगावं?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : आधी पैशाचं. सुरुवातीचं शिक्षण जवळजवळ फुकट होऊ शकतं. ब्लेंडर आणि नॅट्रॉन पूर्ण मोफत आहेत. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन मिळतं. मोठ्या स्टुडिओंत चालणाऱ्या न्यूकचीही बिगरव्यावसायिक आवृत्ती शिकणाऱ्यांसाठी मोफत आहे. पुस्तकांत रॉन ब्रिंकमन आणि स्टीव्ह राइट यांची कंपोझिटिंगवरची इंग्रजी पुस्तकं वाचनालयात मिळाली तर जरूर वाचू द्या. फी भरण्याआधी मुलाने घरी सहा महिने काम करून पाहावं. या कामात तासन्‌तास एका जागी बसून बारीक गोष्टी पाहाव्या लागतात. ते त्याला आवडतं की नुसता चित्रपटाचा झगमगाट आवडतो, हे तेवढ्यात कळतं.

मुंबईत या क्षेत्राचं काम खूप आहे. २०१४ साली मुंबईची प्राइम फोकस वर्ल्ड आणि लंडनची डबल निगेटिव्ह एकत्र आल्या. तेव्हापासून परदेशी चित्रपटांचं पुष्कळ काम इथल्या कलाकारांच्या हातून जातं. नव्या मुलांना बहुधा आधी रोटो किंवा पेंट मिळतं. रोटो म्हणजे जिथे पडदा नव्हता तिथे माणसाची बाह्यरेषा फ्रेम-फ्रेमला काढणं. मॅक्स फ्लायशर यांनी १९१७ साली पेटंट मिळवलेल्या यंत्रापासून ही परंपरा चालत आली आहे. पेंट म्हणजे नको असलेली गोष्ट पुसून तिच्या मागचं दृश्य भरणं. १९९४च्या 'फॉरेस्ट गंप'मध्ये गॅरी सिनीझ यांच्या पायांवर निळं कापड गुंडाळून चित्रण केलं आणि नंतर ते पाय पुसले. पाय पुसणं एक वेळ सोपं. पायांमागे खुर्ची, जमीन, सावली जशी दिसली असती तशी भरणं हे खरं काम.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं. माणसाची बाह्यरेषा काढणं यंत्रं झपाट्याने शिकत आहेत आणि रोटोचं निव्वळ हातकाम कमी होत जाईल, असं मला वाटतं. तुमच्या मुलाने फक्त तेवढंच शिकून थांबू नये. पण यंत्राने दिलेली मॅट सहसा त्याच स्वच्छ कडेची असते, जिच्याबद्दल मी भोरच्या विद्यार्थिनीला लिहिलं. ती चुकीची आहे हे पाहणारा, का चुकीची आहे हे आकड्यांत सांगणारा आणि दुरुस्त करणारा माणूस लागतो. म्हणून आधी अल्फाचा हिशोब, मग लिनियर प्रकाश, मग छायाचित्रण आणि त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर, असा क्रम मी सुचवेन. छायाचित्रण वगळू नये. भिंग, शटर, फोकस यांनी चित्र कसं घडतं हे स्वतः कॅमेरा हाताळल्याशिवाय अंगात मुरत नाही.

घरी करता येण्याजोगा एक अभ्यास सांगतो. गच्चीत कॅमेरा तिवईवर लावून एका माणसाला समोर उभं करून काही सेकंद चित्रण करायला सांगा. मग कॅमेरा न हलवता त्याच जागेचं माणसाविना चित्रण. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कपड्यांत, त्याच माणसाचं हिरव्या कापडापुढे चित्रण करायचं. कॅमेऱ्याची उंची आणि उन्हाची दिशा तीच ठेवायची. आता रिकाम्या गच्चीवर त्याला बसवायचं. काय साधायचं आहे ते पहिल्या चित्रणात आधीच टिपलेलं आहे. जुळलं की नाही यावर वाद घालायला जागा नाही. दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून सावलीचे, गालाचे, कपड्याच्या कडेचे आकडे तिन्ही चॅनेलमध्ये तपासायला सांगा आणि सुरुवात निळ्यापासून करायला सांगा.